गेरू, काजळ आणि बेलापूर स्टेशन

गेल्या वर्षी आमच्या घरात एका इंजिनावरून आठ दिवस अबोला झाला. इंजिन होते वीतभरापेक्षा थोडे मोठे. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा बॉयलर, पुठ्ठ्याची केबिन आणि चाकांच्या जागी जुन्या कोटाची आठ बटणे. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने उन्हाळ्याच्या सुटीत ते बनवले, काळा रंग दिला आणि सुकल्यावर त्यावर गेरू, राख आणि काजळ फासून अगदी कळकट करून टाकले. माझे सासरे, म्हणजे घरातले सगळ्यांचे अब्बा, असरची नमाज पढून आले. त्यांची नजर टेबलावर गेली.

"ये क्या कर दिया रे?" ते एवढेच म्हणाले आणि आत जाऊन पडले. त्या दिवसापासून दादा आणि नातू यांच्यातले बोलणे बंद.

मुलाला कळेना, आपले काय चुकले. मलाही लगेच कळले नाही. ते सांगण्याआधी हे इंजिन आमच्या घरात आले कसे, ते सांगते.

आम्ही श्रीरामपूरला राहतो. बाहेरगावच्या माणसाला आमच्याकडे गाडीने यायला सांगितले की हमखास गोंधळ होतो, कारण शहर श्रीरामपूर आणि स्टेशनच्या पाटीवर वर्षानुवर्षे बेलापूर. मूळ बेलापूर गाव काही किलोमीटर लांब आहे. माझी एक मावसबहीण एकदा नवी मुंबईच्या बेलापूरला उतरून मला फोन करत होती, "आपा, रिक्षावाल्याला काय सांगू?" गाव नव्हते तेव्हा इथे स्टेशन होते. स्टेशनभोवती बाजार जमला, बाजाराभोवती वस्ती, आणि साखर कारखान्यांनी त्या वस्तीचे शहर केले. आमच्या भागातली माणसे साखरेचा इतिहास पाठ म्हणून दाखवतात, पण रुळांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

दौंड ते मनमाड हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. मुंबईहून एक लोहमार्ग भुसावळकडे गेला होता, दुसरा पुण्यावरून सोलापूर-रायचूरकडे. त्या दोघांना मधून जोडणारी ही लाईन. काम सुरू होते ती वर्षे दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची, १८७६ ते १८७८. मातीच्या भरावांवर दुष्काळग्रस्त मजुरांचे हात लागलेले आहेत. पुढे हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे गेला. दौंड सोडले की भीमा, मग काष्टी, विसापूर, सारोळा, अकोळनेर करत नगर. नगरनंतर विळद-वांबोरीचा उतार, राहुरी, मुळा-प्रवरेचे पूल, बेलापूर, चितळी, पुणतांबा आणि गोदावरी. कोपरगाव, येवला, मनमाड. या नावांची माळ अब्बा आजही झोपेत म्हणू शकतील.

अब्बा १९६६ मध्ये दौंडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. नंतर फायरमन झाले आणि निवृत्त झाले तेव्हा डिझेल इंजिन चालवत होते. आता वय ऐंशी. कान थोडे कमी झाले आहेत, पण गाडी लांबून आली तरी तिचा आवाज त्यांना आमच्याआधी कळतो.

मुलाला या छंदाची ओढ लागली ती पुण्यात. कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या, घडवलेल्या छोट्या रेल्वेचे ते घर १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडले. नणंदेकडे लग्नाला गेलो असताना मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो. सिग्नल, उड्डाणपूल, कुंपणे, दिव्यांचे खांब आणि त्यांच्यातून वळणे घेत जाणाऱ्या गाड्या. धाकटी टाळ्या पिटत होती. मोठा मात्र गप्प. बाहेर पडल्यावर त्याने विचारले, "अम्मी, यात आपले बेलापूर का नाही?"

तर अशी सुरुवात.

बाजारात तयार मिळणारी छोटी इंजिने बहुतेक परदेशी आणि एकेकाची किंमत काही हजारांत. शिक्षकाच्या पगारात आणि मुलाच्या साठवलेल्या ईदीत ते बसणारे नव्हते. म्हणून आम्ही ठरवले की आपली रेल्वे चालणार नाही, हाताने ढकलायची. हा निर्णय नाइलाजाचा होता, पण त्याचा एक फायदा झाला, तोही गणिताचा. छोट्या रेल्वेच्या जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण १ : ८७ आहे. खऱ्या वस्तूची लांबी ८७ ने भागायची. या प्रमाणातले तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले आहेत. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटर. भागून बघा, १९ च्या थोडे वर येते. विकतची चाके चालवायची असतील त्यांना सोळा-साडेसोळावर समाधान मानावे लागते आणि त्यांची भारतीय गाडी जरा अरुंद पायांवर उभी राहते. आम्हाला काही चालवायचेच नव्हते, म्हणून आम्ही रूळ बरोबर १९ मिलिमीटरवर टाकले. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना गुणोत्तर-प्रमाण डोक्यात शिरत नव्हते, त्यांना मी हेच उदाहरण फळ्यावर दिले.

हेच गणित उलट बाजूने गंमतीचे ठरते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती अडीच फुटी रुळांवर उभारली आणि १८९७ मध्ये सुरू केली. ७६२ भागिले ८७ केले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि ९ मिलिमीटरचे छोटे रूळ बाजारात तयार मिळतात. म्हणजे बार्शीची गाडी बनवणाऱ्याचे काम आमच्यापेक्षा सोपे. याच कॅल्थ्रॉपने नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच छोटी रेल्वे बांधली. ती १९०४ ते १९३४ अशी तीसच वर्षे चालली, पण तिथले शौकीन आजही तिच्या प्रतिकृती करतात. बार्शी लाइट त्याहून कितीतरी जास्त वर्षे चालली. तिचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. तिची प्रतिकृती आपल्याकडे किती घरांत असेल?

आता फळीवर येऊ. फळी सहा फूट बाय दोन फूट. खरा फलाट तीनशे मीटरचा धरला तरी तो १ : ८७ मध्ये साडेतीन मीटरच्या घरात जातो. आमची खोलीच दहा फुटांची. एकवीस मीटरच्या खऱ्या डब्याला फळीवर चोवीस-पंचवीस सेंटीमीटर लागतात. म्हणजे फलाट कापावा लागला, गाडी चार डब्यांची करावी लागली. हे सगळ्यांनाच करावे लागते, त्यात लाज नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे हेच यातले अवघड काम आहे. आम्ही स्टेशनची बैठी इमारत, मालधक्का, पाण्याचा सोंडवाला खांब, एक सिग्नल आणि एक कडुनिंब ठेवला. साल ठरवले १९७५. साल ठरवणे फार गरजेचे असते, नाहीतर कोळशाच्या इंजिनावर विजेच्या तारा येतात. नगर स्टेशनचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या १९७५ च्या फलाटावरच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर धाकटीने अहमदनगर लिहिले, कारण तेव्हा तेच होते. तिची अक्षरे तांदळाच्या दाण्याएवढी आहेत आणि माझ्या चष्म्यालाही वाचता येत नाहीत.

स्लीपरसाठी आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरल्या. खरा लाकडी स्लीपर नऊ फूट लांब आणि दहा इंच रुंद, म्हणजे आमचा साडेएकतीस मिलिमीटर लांब, तीन मिलिमीटर रुंद. सहा फुटांत एका रुळाला अडीचशेच्या वर स्लीपर लागले. मोहल्ल्यातल्या मुलांनी त्या महिन्यात आइस्क्रीम किती खाल्ले याचा हिशेब मी ठेवला नाही. खडी म्हणून बांधकामाच्या वाळूतली बारीक कच पिठाच्या चाळणीने चाळून घेतली. (चाळणी नवीन आणावी लागली.) डोंगर-भरावासाठी थर्माकोल वापरायचा मोह होतो. पण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि वर्तमानपत्राचा भिजवलेला लगदा फेव्हिकॉलमध्ये मळला तर त्याहून चांगला भराव होतो.

इथपर्यंत अब्बा खूश होते. तंबूसारख्या सुटलेल्या टाकीचे माप त्यांनी दुरुस्त करवले. फायरमनचा बेलचा टाचणीचा करायला सुचवले. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला पुढच्या स्टेशनपर्यंतची परवानगी म्हणून लोखंडी गोळा मिळायचा, तो चामडी पिशवीत घालून मोठ्या कड्याला अडकवलेला असायचा. न थांबणाऱ्या गाडीच्या फायरमनला ते कडे धावत्या इंजिनातून हातात झेलावे लागे. अब्बांनी बाही वर करून मुलांना दंड दाखवला. खूण आता दिसत नाही, पण ते दाखवतात.

आणि मग इंजिन काळे कुळकुळीत तयार झाले आणि मुलाने ते मळवले.

छोट्या रेल्वेच्या छंदात याला फार मान आहे. नवी कोरी चकचकीत गाडी खेळण्यासारखी दिसते. तिच्यावर ऊन, पाऊस, धूर, गंज यांच्या खुणा उमटवल्या की ती खरी वाटू लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचा गृहस्थ होता. बाकीचे लोक आपल्या गाड्या पॉलिश करत होते तेव्हा त्याने आपल्या गाड्या, इमारती, पूल मुद्दाम जुनाट करायला सुरुवात केली. त्याचा तळघरातला रेल्वेचा पसारा जगभर गाजला. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि त्यानंतर काही दिवसांतच घराला आग लागून तो पसारा बहुतेक जळून गेला. उरले ते फोटो. मुलाने हे सगळे कुठून कुठून वाचले होते. त्याच्या हिशेबाने त्याने इंजिनाला खरेपणा दिला होता.

अब्बांच्या हिशेबाने त्याने त्यांची नोकरी पुसून टाकली होती.

हे मला नवव्या दिवशी कळले. रात्री दूध द्यायला गेले तेव्हा ते स्वतःच बोलले. "बेटी, पहिली अडीच वर्षं मी फक्त इंजिन पुसलं. कॉटन वेस्ट आणि रॉकेल. थंडीत हात फुटायचे. साहेब पांढरा रुमाल काढून रॉडच्या मागून फिरवायचा. रुमाल काळा झाला तर पुन्हा सगळं. आणि हा म्हणतो, इंजिन असंच असतं!" थोड्या वेळाने म्हणाले, "भंगारातलं इंजिन आणि लाईनवरचं इंजिन यात फरक असतो."

बीएडला आम्हाला शिकवले होते की विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तर प्रश्न बदलून बघा. मी विचारले, "मग अब्बा, घाण बसायची तरी कुठे? तुम्ही पुसायचा म्हणजे कुठेतरी बसत असणारच."

ते उठून बसले.

त्यानंतर तासभर त्यांनी जे सांगितले ते मी दुसऱ्या दिवशी वहीत उतरवले. डब्ल्यूजी इंजिन, म्हणजे मालगाडीचे, ज्याची पाच फुटांवरची चाके आम्ही कोटाच्या बटणांची केली होती. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून ती बनली आणि १९७० मध्ये शेवटचे निघाले, त्याचे नाव ठेवले होते अंतिम सितारा. या इंजिनाची काजळी बॉयलरच्या पाठीवर, केबिनच्या छपरावर आणि टेंडरच्या पुढच्या कडेला बसते, कारण धूर मागे वाहतो. बाजूंवर ती कमी. पुढच्या गोल पेटीचा रंग उष्णतेने जळतो आणि करडा-तपकिरी होतो, तिथे चमक कधीच राहत नाही. दाराच्या खालच्या ओठावर राख साचते. सांधेदांड्यांवर तेल असते, म्हणून त्या गंजत नाहीत, चमकतात. चाकांसमोर रुळावर वाळू सोडतात, तिचा फिका पट्टा चाकांखालच्या भागावर दिसतो. केबिनवरचा नंबर मात्र कायम स्वच्छ, कारण बाकी काही पुसायला वेळ मिळाला नाही तरी नंबर पुसायचाच.

"आणि पांढरे ओघळ कुठायत?" त्यांनी विचारले. "आपल्या भागाचं पाणी जड. बॉयलर धुवायच्या भोकांखाली आणि पाणी टपकतं तिथे क्षाराचे पांढरे ओघळ येणारच. ते कितीही घासा, जात नव्हते." जे घासून गेले नाही, ते त्यांना साठ वर्षांनंतरही जसेच्या तसे आठवत होते.

मुलाने पुढचे आठ दिवस इंजिन धुतले, पुन्हा काळे केले आणि या वहीप्रमाणे मळवले. या वेळी अब्बा खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

ज्यांना घरी हे करून बघायचे असेल त्यांच्यासाठी आमचा रंगांचा डबा सांगते. परदेशात याच्या महागड्या पुड्या मिळतात, पण आपल्या घरात त्या आधीच असतात. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आणि गंजही तेच, त्यामुळे गंजासाठी गेरूपेक्षा चांगला रंग शोधू नये. फक्त तो दोन छटांत करावा. ताजा गंज नारिंगीकडे झुकतो आणि जुना काळपट तपकिरी होतो, म्हणून अर्ध्या गेरूत थोडी काजळी मिसळून ठेवावी. धुळीसाठी मुलतानी माती. माझ्या वडिलांच्या काळी उर्दू मदरशात लाकडी तख्ती याच मातीने सारवत. तख्त्या गेल्या, माती चेहऱ्याला लावायला उरली, आता ती आमच्या मालडब्यांवर बसली आहे. आमच्याकडची जमीन काळी, म्हणून मुलतानीत चिमूटभर चुलीची राख घालतो, नाहीतर राजस्थानची धूळ वाटते. काजळी दिव्यावर बशी धरून मिळते. चकाकत्या पोलादासाठी शिसपेन्सिलचे टोक घासून केलेली पूड, ती कापडाने दांड्यांवर चोळायची. कोणी सुरमा सुचवला होता, पण तो वापरू नका. बाजारातल्या सुरम्यात पुष्कळदा शिसे असते आणि मुलांची बोटे तोंडात जातात.

लावायची पद्धत अशी की आधी पाण्यासारखा पातळ रंग पूर्ण अंगावर फिरवायचा आणि लगेच कापडाने वरून खाली पुसायचा. वरून खालीच, कारण पाऊस तसाच पडतो. खाचांत जे राहील ते राहू द्यायचे. सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कडांवर फिका रंग टेकवायचा. शेवटी कोरडी पूड. गंज कधी सपाट जागी मधोमध सुरू होत नाही. तो खिळ्याजवळ, सांध्यात, पाणी अडते तिथे सुरू होतो आणि तिथून खाली ओघळतो. रुळांच्या बाजू गंजक्या करायच्या, पण माथा चकचकीत ठेवायचा, कारण रोज त्यावरून चाके जातात. ज्या सायडिंगवर गाडी येत नाही, तिथला माथाही गंजू द्यायचा. आमच्या मालधक्क्याच्या रुळाचे टोक असेच आहे, आणि फळी पाहणारे त्याच्यापाशी का थांबतात ते त्यांना सांगता येत नाही.

स्लीपरसाठी मी स्वतः केलेला प्रयोग मला फार आवडला. लाकडी काड्या आधी कडक चहात भिजवून वाळवायच्या. काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन भांडी घासायच्या लोखंडी तारेचा छोटा गोळा दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो, आणि बरणी खिडकीत ठेवा. (न गंजणारी स्टीलची घासणी चालत नाही.) हे पाणी चहात रंगलेल्या काडीवर फिरवले की डोळ्यांदेखत काडी करडी, मग काळपट होते, वर्षानुवर्षे ऊन-पावसात पडलेल्या लाकडासारखी. चहातले टॅनिन आणि लोह यांची ही क्रिया आहे. माजूफळ आणि हिराकस मिसळून जुनी काळी शाई करत, तीही याच क्रियेने. नववीच्या मुलांना मी हे वर्गात करून दाखवले. तो तास संपल्याची घंटा त्या दिवशी कोणाला ऐकू आली नाही.

फळी मुलाने एका विज्ञान प्रदर्शनात नेली. परीक्षकांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "छान आहे, पण हे चालत नाही का? मग यात विज्ञान काय?" बक्षीस मिळाले नाही. मुलगा दोन दिवस खट्टू होता. मला राग आला, पण गुणपत्रिका माझ्याही हातून जातात, त्यामुळे मी फार बोलले नाही. अब्बांनी मात्र त्याच संध्याकाळी नवी मागणी केली.

"दुसरं इंजिन कर. साफ. शेडमधून आत्ताच निघालेलं."

तेही झाले आहे. आता फळीवर दोन डब्ल्यूजी आहेत. मालधक्क्यापाशी साखरेच्या पोत्यांचे डबे घेऊन उभे असलेले, राखाडी ओठांचे आणि पांढऱ्या ओघळांचे एक. सिग्नलपाशी लाईन क्लिअरची वाट बघणारे, काळे, तेल पुसलेले दुसरे. त्याच्या दांड्यांवरून अब्बा अधूनमधून पांढरा रुमाल फिरवतात आणि मुलाकडे बघतात.

या मार्गावर आता दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने होत आहे, विजेच्या तारा आल्या आहेत, आणि जुन्या स्टेशनांवरचे दगडी कोपरे, पाण्याचे खांब, रुळाच्या तुकड्यांचे कुंपण एकेक करून दिसेनासे होत आहे. नगरहून बीडकडे तर नव्या लाईनवर गाडीही धावू लागली. मुलगा हातात फूटपट्टी घेऊन फिरतो आणि शिल्लक आहे ते मोजून ठेवतो. फोटो काढताना फूटपट्टी बाजूला उभी धरतो, म्हणजे नंतर मापे काढता येतात. ही युक्ती त्याची त्यालाच सुचली.

आता त्याला गोदावरीचा पूल करायचा आहे. गाळे किती यावरून दादा-नातवात पुन्हा वाद आहे, पण या वेळी दोघे बोलत वाद घालतात. येत्या रविवारी फजर पढून, मिळेल त्या गाडीने दोघे पुणतांब्याला जाऊन मोजणार आहेत. मी डबा बांधून देणार आहे आणि अब्बांची काठी विसरू नये म्हणून ती आत्ताच दाराला टेकवून ठेवली आहे.